आंबोलीला नेलेली शिदोरी

आप्पा,

उद्या आंबोलीला जायचं आहे, आणि दुपारपासून माझा जीव एका जागी नाही. करंज्या तळून झाल्या, ताटात पसरून ठेवल्या, आता जरा टेकावं म्हटलं तर टेकवेना. उठून अंगण झाडलं. थोड्या वेळानं पाहते तो तेच अंगण पुन्हा झाडत होते. लढाई संपून पेट्रोल मिळायला लागलं तशा रविवारच्या मोटारी परत सुरू झाल्या आहेत, आणि आमच्या दवाखान्यातल्या शिकाऊ पोरींनी मिळून एक अख्खी मोटार ठरवली आहे. तिथं सगळ्यांत जुनी मीच. "बाई, तुमचे वडील तिथं माणसं फिरवायचे ना? मग तुम्हीच आम्हाला सगळं दाखवा," असं त्या म्हणाल्या, आणि मी हो म्हणून बसले. आता काय दाखवू ते तुम्हीच सांगा. तुमचं तिथलं बोलणं मला तोंडपाठ आहे. कुठल्या वळणावर कुठल्या साहेबाचा घोडा बुजला, कुठल्या कठड्यावरून कोकण दिसतं, हिरण्यकेशीचं पाणी कुठल्या गुहेतून येतं, सगळं तुमच्याच आवाजात कानात आहे. फक्त त्यातली एकही जागा मी पाहिलेली नाही. हे पोरींना सांगायचं राहून गेलं, आणि आता सांगायला उशीर झाला.

तुम्ही बेळगावच्या कॅम्पातल्या साहेबाकडे बटलर होता तेव्हाचं मला बरंच आठवतं. बंगल्याच्या मागचा तो मुदपाकखाना, धुरानं काळी झालेली कौलं, आणि पांढरा कोट घालून चिनी मातीची बशी अशी हातावर तोलत नेणारे तुम्ही. मी आईबरोबर कधी निरोप घेऊन आले तर तुम्ही मला ओळख दाखवत नसायचा. दाराआडून पावाचा कडेचा तुकडा हातात कोंबायचा आणि "जा घरला" एवढंच म्हणायचा. घरीसुद्धा तुम्ही बोलायचा थोडंच. कंग्राळीच्या आपल्या घरात तुम्ही आलात हे वहाणांच्या आवाजावरून कळायचं, बोलण्यावरून नाही. आई म्हणायची, "ह्यांची सगळी बोली सायबाच्या घरात संपून येती." मला त्याचा राग यायचा. साहेबाला काय काय सांगत असतील आणि आम्हाला काहीच कसं सांगत नाहीत, असं मनात यायचं.

उन्हाळा लागला की साहेबाचं बिऱ्हाड आंबोलीला जायचं. सामानाच्या बैलगाड्या आधी निघायच्या. एका वर्षी मी त्यातल्या एका गाडीत, ताडपत्रीखाली, कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून लपून बसले. हिंडलग्यापर्यंत गेले. मग कोंबड्यांनी कालवा केला आणि तुम्ही ताडपत्री उचलली. मारलं नाहीत. दंडाला धरून खाली उतरवलंत आणि म्हणालात, "सायबाच्या गाडीत घरचं माणूस बसवायचं नसतंय. ध्यानात ठेव." तिथून कंग्राळीपर्यंत माझा हात धरून चाललात, वाटेत एक अक्षर नाही. उंबऱ्याशी मला सोडलंत, वळलात, आणि मग काय वाटलं कोण जाणे, परत आलात. "रडू नगो. मी दावीन तुला आंबोली. कवातरी घिऊन जाईन." मग गाड्या गाठायला तुम्ही चक्क पळत सुटलात. त्या पावसाळ्याच्या तोंडाला परत आलात तेव्हा साहेबाच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत माझ्यासाठी मध आणला होता. त्याला औषधाचा वास येत होता आणि मी तो कुणाला चाखूही दिला नाही.

पुढे साहेब विलायतेला गेला, आणि त्याच सुमाराला बेळगावच्या एका मोटारमालकानं रविवारच्या रविवारी आंबोली दाखवून आणायचं काढलं. सकाळी नेऊन रात्रीच्या आत परत, जेवणासकट. दाखवायला माहितगार माणूस हवा म्हणून त्यानं तुम्हाला ठेवलं. माझं लग्न झालं तेही त्याच वाटेवरच्या गावात. तुम्हाला ते स्थळ पसंत पडायचं एक कारण मला नंतर आईकडून कळलं. चढाला लागण्याआधी मोटार त्या गावच्या विहिरीपाशी पाणी घ्यायला थांबायची, म्हणजे दर रविवारी लेक नजरेला पडणार. आणि पडायचीही. मी घागर घेऊन आलेली असायची. तुम्ही साहेबाचा जुना कोट आणि डोक्याला फेटा अशा थाटात मोटारीच्या पायरीवर उभे असायचा. "बरं हाय न्हवं?" तुम्ही विचारायचा. "बरं हाय," मी म्हणायची, आणि पदर मनगटावरून खाली ओढायची. मोटारीतली माणसं ऐकत असायची, विहिरीवरच्या बायका ऐकत असायच्या. त्यापेक्षा जास्त काय बोलणार होतो आपण?

मग ती पंचमी आली. मी माहेरी आले, आईनं कासारणीला बोलावलं, आणि कासारणीला माझ्या उजव्या हातात बांगडी चढवता येईना. मनगट सुजलेलं होतं. तिनं पदर मागे सारला तशी तिथली भाजल्याची जखम सगळ्यांना दिसली, आणि तिच्या वरची आधीची, बरी झालेलीही. कासारणीनं बांगड्या परत दोऱ्यात ओवल्या आणि डाव्या हातात तेवढ्या भरल्या. आईनं विचारलं तेव्हा मी सांगितलं की उलथणं तापवून लावतात. भाकरी करपली तर सासू, आणि तसंच काही मनाला आलं तर तिचा मुलगा. तुम्ही सोप्यात बसला होता. तुम्हाला ऐकू गेलं. तुम्ही उठून बाहेर गेलात आणि बराच वेळ आला नाहीत.

त्यानंतर मी घरातच राहिले. गणपती झाले, दसरा झाला, दिवाळी झाली. सासरहून निरोप यायचे ते आधी रागाचे, मग धमकीचे, मग मध्यस्थांकरवी गोडीचे. शेवटी दोन्हीकडच्या जाणत्या माणसांनी बसून मिटवलं. पोरीला बापानं स्वतः आणून सोडावी, रीतीप्रमाणे शिदोरी आणावी, मागचं कुणी काढू नये. धाकटीचं लग्न ठरत आलं होतं, थोरली माघारी येऊन बसली म्हणून ते अडलं होतं. हे सगळं मला कुणी सांगितलं नाही. भिंतीला कान लावायची गरज नव्हती, आपलं घर ते केवढं. मी तुमच्या तोंडाकडे बघायची आणि तुम्ही ताटाकडे बघून जेवायचा. ते दिवस आठवले की आजही मला उठून येरझाऱ्या घालाव्याशा वाटतात. आत्ताही पत्र मध्येच टाकून परसात जाऊन आले.

दिवाळी उलटून गेल्यावर एका शनिवारी आई करंज्या तळायला बसली. दिवाळीचा फराळ संपून गेलेला, घरात कुणी पाहुणा यायचा नाही, मग करंज्या कशाला? मी विचारलं नाही. आईची पाठ माझ्याकडे होती आणि ती काही केल्या वळत नव्हती. संध्याकाळी तुम्ही आलात आणि पंचमीनंतर पहिल्यांदाच आपणहून माझ्याशी बोललात. "उद्या चल आंबोलीला. लई दिस म्हणत हुतीस न्हवं." मी म्हटलं, "व्हय, येते." सकाळी पाहिलं तर कोनाड्यात नवी वेताची बुट्टी, तिच्यावर नवं कोरं फडकं, गाठ मारलेलं. माहेरहून सासरी जाणाऱ्या लेकीची शिदोरी कशी दिसते हे काय मला माहीत नव्हतं? आईनं मला कुंकू लावलं, माझ्या ओटीत मूठभर तांदूळ घातले, आणि "डोंगरावर थंडी असती, पदर घट घे" असं म्हणाली. आंबोली बघून संध्याकाळी परत येणाऱ्या पोरीची कुणी ओटी भरतं का? पण ती बिचारी खोटं बोलायला शिकलेली नव्हती, आणि मी तिला तसं दाखवूनही दिलं नाही.

तुम्ही मला पुढच्या बाकावर बसवलंत. घरचं माणूस गाडीत बसवायचं नसतं म्हणणारे तुम्ही. बुट्टी वर टपावर बांधलीत. माझ्या शेजारी शहापूरची एक बाई होती, कचेरीतल्या एका कारकुनाची बायको. हौशी होती. नवऱ्यानं कधी नव्हे ते बाहेर काढलं म्हणून खुशीत होती आणि सारखी काहीतरी दाखवत होती, ते बघ, हे बघ. मी टपाकडे बघत होते. खड्डा आला की वर बुट्टी सरकल्याचा आवाज यायचा. पडली तर बरं, असं वाटायचं, आणि पुढच्या खड्ड्याला वाटायचं, पडली तर आईचे कष्ट वाया. विहिरीपाशी मोटार थांबली. कट्ट्यावर माझे सासरे तंबाखू मळत बसलेले. मी पदर कपाळाखाली ओढला. तुम्ही त्यांच्याकडे गेलात, रामराम केलात. ते काहीतरी म्हणाले. तुमचा फक्त एक शब्द माझ्यापर्यंत आला: "सांजच्याला." तुमचा शब्द म्हणजे काय असतो हे अख्ख्या कंग्राळीला ठाऊक होतं. मी तेवढ्यावरच समजून घेतलं की झालं, ठरलं.

वर पोचलो तर धुकं. असं धुकं मी कधी बघितलं नव्हतं, समोरचं माणूस कमरेपासून वरच दिसतंय. आणि त्या धुक्यात तुम्ही बोलायला लागलात. मी तोंड उघडं टाकून ऐकत राहिले, आप्पा. घरात दिवसाला चार शब्द बोलणारा माणूस तिथं नुसता खळाळत होता. "मंडळी, हितं जरा जपून. ह्या कठड्याखाली सरळ कोकण. निरभ्र असलं की पार समुद्राची कड दिसती, चांदीच्या करगोट्यासारखी." समोर नुसतं पांढरं. "डाव्या अंगाला बगा, सायबानं नळ्या लावून पाणी आणलंय त्ये दिसंल." डाव्या अंगालाही पांढरंच. एकजण वैतागून म्हणाला, "अहो, धुकंच दाखवायला आणलंत की काय?" सगळे हसले. तुम्हीही हसलात. "धुकं काय फुकट हाय, मालक? सायेब लोक ह्येच्यासाठी जहाजानं येत्यात." मला तुम्ही फार आवडलात त्या वेळी. आणि त्याच वेळी संतापही असा आला की कठड्याचा दगड नखानं खरवडत बसले. परक्यांना एवढं सांगताय, मला एक वाक्य सांगा ना. कुठं नेताय ते तेवढं सांगा.

मावळतीच्या जागेवर नेलंत, भर दुपारी. तिथं ती शहापूरची बाई माझ्याजवळ येऊन बसली. "सासर कुठलं गं तुझं?" मी गाव सांगितलं. "अगं, म्हणजे सकाळी पाणी घेतलं तेच की! मग आता माहेरपण आटपून परत कधी जाणार?" मी म्हटलं, "आजच. जाताना उतरायचंय मला." तुम्ही हातभर अंतरावर आमच्याकडे पाठ करून उभे होता. साहेबाच्या घोड्याची गोष्ट चालली होती. घोडा बुजला, मागच्या दोन पायांवर उभा राहिला, आणि तुम्ही थांबलात. घोडा तसाच राहिला. तुमचा समज होता की मला काही माहीत नाही. नाचतबागडत आंबोली बघेल आणि मग खाली उतरताना सांगू, असं तुम्ही ठरवलं असणार. मागं वळून बघितलंत. मी तुमच्याकडे बघत नव्हते, तिरप्या डोळ्यानं दिसलं तेवढंच. मग तुम्ही गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलात. कारकून म्हणाला, "हे मघाशीच सांगितलंत तुम्ही."

जेवण बाजारातल्या खाणावळीत ठरलेलं असायचं. गेलो तर दार बंद. मालकाला आदल्या रात्रीच सुतक आलेलं, चूल थंड. तुमचं काही चुकलं नव्हतं, पण माणसं भुकेली झाली की ऐकतात का? जो तो तुम्हाला बोलायला लागला. जेवणासकट ठरलं होतं, बायकामाणसं बरोबर आहेत, निदान पोहे तरी बघा. चहाच्या दुकानात चहाशिवाय काही नव्हतं. तुम्ही फेटा काढून हातात घेतलात, डोकं खाजवलंत, परत घातलात. मग मोटारीच्या मागच्या शिडीवरून टपावर चढलात आणि बुट्टी सोडवून खाली घेऊन आलात. मी उठून उभी राहिले. माझं काहीतरी उचलून नेतायत असं वाटलं, आणि अडवायचं की नाही ते कळेना. शिदोरीची गाठ सासूनं सोडायची असते. माहेरच्यानं त्यातलं जिभेवरसुद्धा ठेवायचं नसतं. तुम्ही कठड्यावर बुट्टी ठेवलीत, गाठ सोडलीत, फडकं अंथरलंत आणि म्हणालात, "घ्या मंडळी. पोटाला आदार."

कारकून घुटमळला. "कुणाच्या घरचं?" "माज्या. कंग्राळीचं." त्याची बायको म्हणाली, "तळणीचं आहे हो, चालतं," आणि हात पुढे केला. मग तिची नजर त्या कोऱ्या फडक्यावर गेली. तिथून माझ्यावर आली. तिनं हात मागे घेतला. "अहो, ही तर शिदोरी दिसते. ह्या पोरीची." धुक्यात कुठंतरी गाईच्या गळ्यातली घंटा वाजत होती. तुम्ही म्हणालात, "व्हय. हुती." आणि एक करंजी उचलून सगळ्यांच्या देखत तिचा मोठा घास घेतलात. आधी स्वतः खाल्लीत, मग दुसरी उचलून माझ्या हातावर ठेवलीत. "खा," म्हणालात. मग वळलात आणि गिऱ्हाइकांना वाटायला लागलात, हसत, आग्रह करकरून, जणू काय तुमच्या घरचं कार्यच होतं. बघता बघता बुट्टी रिकामी झाली.

उतरताना तुम्ही आत बसला नाहीत. पायरीवर उभे, एक हात दांडीला. उजेड कमी होत आला होता. विहिरीचं वळण आलं तेव्हा कट्ट्यावर सासरे उभे दिसले, आणि त्यांच्या मागं तो, डोक्याला नवा पटका बांधून. मोटार सावकाश झाली. ड्रायव्हर कानडी मुलखातला, तुम्हाला अण्णा म्हणायचा. तो म्हणाला, "अण्णा, नीरु? पाणी घ्यायचं न्हाय?" तुम्ही म्हणालात, "हाक." "अण्णा, तापलीय गाडी." "फुडं ओढा हाय. हाक तू." सासऱ्यांनी हात वर केला. तुम्ही त्यांच्याकडे बघून रामराम केलात, तोंड न चुकवता, आणि मोटार निघून गेली. तापायची ती तापलीच. ओढ्याच्या अलीकडे वाफ सोडून उभी राहिली. लोक पुन्हा कुरकुरायला लागले. तुम्ही क्लीनरला हात लावू दिला नाहीत. रॉकेलच्या डब्यानं स्वतः पाणी आणत राहिलात, अंधारात चाचपडत, कोट भिजेपर्यंत. पुरे झालं असं ड्रायव्हर म्हणाला तरी आणखी एक डबा आणलात.

घरी आई सोप्यात दिवा घेऊन बसली होती. तिनं आधी तुमच्या हातातली रिकामी बुट्टी बघितली आणि डोळ्याला पदर लावला, शिदोरी पोचली म्हणून. मग तुमच्या मागं मी दिसले. "आणि ह्ये काय?" तिनं विचारलं. तुम्ही वहाणा काढता काढता म्हणालात, "गिऱ्हाइकं उपाशी हुती." आणि पाय धुवायला गेलात. आईनं बुट्टी हातात घेऊन आत बघितलं. मग म्हणाली, "समद्या संपल्या?" मी मान हलवली. "बऱ्या झालत्या न्हवं?" एवढं विचारून ती भात टाकायला उठली.

तुम्ही त्यानंतर कुणालाही दुसरं कारण दिलं नाहीत. जाणती माणसं येऊन बसली, शब्द फिरवलास म्हणाली. ज्या माणसानं आयुष्यात शब्द मोडला नव्हता त्याला ते ऐकावं लागलं, आणि तुम्ही म्हणालात, "व्हय, फिरवला. गिऱ्हाइकं उपाशी हुती." धाकटीचं ठरत आलेलं मोडलं. ती कित्येक दिवस तुमच्याशी धड बोलली नाही, आणि तिचं पुढं नीट झालं तरी तिच्या मनातून ते गेलं असेल असं मला वाटत नाही. त्या विहिरीवर तुम्हाला पाणी बंद झालं. मग तुम्ही दर रविवारी बेळगावहून पाण्याचे डबे भरून टपावर चढवायचा, पहाटे उठून, एकटे. पंचमीनंतर मनगट बांधून घ्यायला मला ज्या दवाखान्यात नेलं होतंत तिथल्याच मोठ्या बाईला विचारून तुम्ही मला शिकायला ठेवलंत. लोक त्यावरही बोलले. आज मी त्या दवाखान्यात इतक्या बायकांची बाळंतपणं केलीत की कंग्राळीत निम्मी पोरं मला बघून दात काढतात. हे सगळं तुम्ही बघितलं नाही. थोडंफार बघितलं.

शेवटच्या तापात मी तुमच्या उशाशी होते. विचारायचं तेव्हाही मनात होतं. घोडा मागच्या पायांवर उभा होता तेव्हा तुमच्या मनात काय आलं, ते मला हवं होतं. मी कपाळावरची पट्टी बदलत होते, तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "आंबोली दावायची ऱ्हायलीच की गं तुला. धुकं हुतं." मी म्हटलं, "दाखवलीत की, आप्पा." तुम्ही मान हलवलीत, नाही अशी. मी पट्टी पिळून पुन्हा ठेवली.

म्हणून उद्या जाते आहे. धुकं नसेल तर बघेन, असेल तर पोरींना तुमचंच बोलणं ऐकवेन. करंज्या गार झाल्यात. डब्याच्या तळाशी घालायला कागद हवा आहे, तो हाच घालीन, वरून केळीचं पान टाकलं की शाई लागणार नाही. तेवढी एक गोष्ट मात्र लिहून मग डबा भरते. तुम्ही माझ्या हातावर ठेवलेली करंजी मी खाल्ली नव्हती, आप्पा. तुम्ही वळलात आणि मी ती पदराच्या टोकाला बांधली. संध्याकाळी तुमचं मन पुन्हा फिरलं आणि मला उतरवलंत, तर सासूच्या हातावर ठेवायला निदान एक असावी म्हणून. विहीर मागे पडली तरी मी गाठ सोडली नाही, ओढ्यापाशी तुम्ही पाणी आणत होता तेव्हाही ती माझ्या मुठीत होती. हिंडलग्याचे दिवे दिसले तेव्हा कुठं मूठ सैल झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी परसात एकटीच बसून खाल्ली. पार चुरा झाला होता. आईनं खोबरं सढळ हातानं घातलं होतं.